आवाज फुटायच्या वयातला गायक आणि त्यापुढची वर्षं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा बारा वर्षांचा. सहाव्या वर्षापासून स्टेजवर गातोय, अभंग आणि नाट्यगीतांवर बऱ्याच स्पर्धा मारल्यात, टीव्हीवरच्या लहान मुलांच्या एका कार्यक्रमात शेवटच्या काही फेऱ्यांपर्यंत पोचला होता. गेल्या काही महिन्यांत त्याला वरचा षड्ज, म्हणजे वरचा सा, लागेनासा झालाय. त्यातच एका म्युझिक कंपनीने पाच वर्षांचा करार पुढे केलाय. आई विचारतेय, ‘हा पुढे रेकॉर्डिंग करणारा व्यावसायिक गायक व्हावा यासाठी आत्ता काय करू? क्लास बदलू, मुंबईला बिऱ्हाड हलवू, की त्याचं चॅनल सुरू करू?’

ताई, यातलं काहीच घाईने करू नका. मी बरीच वर्षं स्टुडिओत गायकांचे आवाज रेकॉर्ड करतो, आणि मुलांना माइकसमोर गायलाही शिकवतो. त्या अनुभवातून सांगतो, तुमच्या मुलाने आजवर जे कमावलंय त्यातलं निम्मं पुढे उपयोगी पडणार आहे आणि निम्मं त्याला आडवं येणार आहे. कुठलं निम्मं कुठलं, हे आधी कळलं पाहिजे.

लहान मुलाला टाळ्या कशासाठी पडतात ते बघा. मोठ्यांचं, सगळ्यांना पाठ असलेलं गाणं तो मूळच्या हरकतींसकट जसंच्या तसं गातो, आणि श्रोत्यांना वाटतं, एवढ्याशा जिवाला हे येतं तरी कसं! त्या कौतुकात गाण्याचा वाटा असतोच, पण वयाचा वाटा मोठा असतो. अठरा वर्षांच्या मुलाने तेच गाणं तसंच गायलं तर परीक्षक म्हणतात, ‘छान, पण यात तुझं काय?’ स्टुडिओत तर प्रश्नच वेगळा असतो. तिथे समोर येते ती चाल आधी कुणी गायलेलीच नसते, त्यामुळे नक्कल करायला काही नसतंच. तेव्हा बालगायक ते रेकॉर्डिंग आर्टिस्ट हा प्रवास मुळात दुसऱ्याचा आवाज सोडून स्वतःचा सापडण्याचा आहे, आणि तो बारा ते अठरा या वयात होतो किंवा राहूनच जातो.

हे कुणालाच चुकलेलं नाही. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब गात, ‘गंधर्व’ ही पदवीही त्यांना बालवयातच मिळाली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १९३०च्या दशकात ते मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे आले, अनेक घराण्यांचं ऐकलं, तपासलं, आणि पुढे जे गायले ते कुणाचंच नव्हतं. अलीकडचं उदाहरण सोनू निगमचं. चौथ्या वर्षापासून वडिलांबरोबर स्टेजवर, अठराव्या वर्षी १९९१ मध्ये मुंबईत. सुरुवातीला काम मिळालं ते रफीसाहेबांच्या गाण्यांच्या कव्हर अल्बमचं, आणि त्याबरोबर ‘रफीची कॉपी’ हा शिक्का. तो शिक्का पुसायला त्याला काही वर्षं लागली. लता मंगेशकरांनी पहिलं गाणं रेकॉर्ड केलं १९४२ मध्ये, एका मराठी चित्रपटासाठी, आणि ते चित्रपटातून कापलं गेलं. सगळ्या देशाला आवाज ओळखीचा झाला तो १९४९च्या सुमाराला. तेराव्या वर्षापासून विसाव्यापर्यंतचा हा काळ आहे, आणि तोही लताबाईंचा!

मुली आणि मुलगे यांत इथे एक फरक आहे आणि तो फारसा बोलला जात नाही. सुनिधी चौहान १९९६ मध्ये दूरदर्शनवरच्या स्पर्धेत जिंकली आणि १९९९ मध्ये ‘मस्त’च्या गाण्यांनी घराघरात पोचली. श्रेया घोषालला संजय लीला भन्साळींच्या आईने टीव्हीवर ऐकलं आणि २००२च्या ‘देवदास’मधून ती थेट राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेली. दोघीही तेव्हा विशीच्या आतच होत्या. मुलीचा आवाज वयात येताना बदलतो, पण थोडा. सोळाव्या वर्षी ती नायिकेला आवाज देऊ शकते. मुलाच्या आवाजाचा मात्र एक मजला कोसळतो आणि नवा बांधावा लागतो. मधली दोन-तीन वर्षं तो ना लहान मुलाचं गाऊ शकत, ना नायकाचं. (लहान मुलाच्या तोंडी असलेली बरीचशी चित्रपटगीतं मोठ्या गायिकांनीच गायली आहेत, तीही वाट तशी अरुंदच.) मराठी लिटल चॅम्प्सच्या २००८-०९च्या पर्वातला रोहित राऊत बघा. इतकी प्रसिद्धी मिळूनही दहाएक वर्षांनी तो मोठ्यांच्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये पुन्हा स्पर्धक म्हणून उभा राहिला आणि उपविजेता ठरला. लहानपणीची ओळख दार उघडून देते, आत गेल्यावर मोठ्यांच्याच मापाने मोजतात.

आता तुमच्या मुलाच्या गळ्याकडे येऊ, कारण सगळ्यात तातडीचं तेच आहे.

वरचा सा लागत नाही म्हणजे रियाज कमी पडला असं नाही. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलाचं स्वरयंत्र वाढतं, कंठमणी दिसायला लागतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. लहानपणी बोलताना ते सेकंदाला अडीचशे ते तीनशे वेळा कंप पावतात, मोठ्या पुरुषात शंभर ते एकशे तीसच्या आसपास. म्हणजे आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. हे एका रात्रीत होत नाही. वर्ष-दीड वर्ष आवाज रोज वेगळा असतो, सकाळी जाड, संध्याकाळी चिरका, मध्येच सटकणारा. मेंदूला जुन्या गळ्याची सवय असते, गळा नवा असतो. म्हणून पक्का सुरात गाणारा मुलगा अचानक बेसूर होतो आणि बिचारा घाबरतो. घरच्यांनी तेव्हा ‘तुझं लक्ष नाही’ म्हटलं की संपलंच.

या काळात गाणं पूर्ण बंद करा असं पूर्वी सांगत. आता बहुतेक शिक्षक तसं सांगत नाहीत, मीही सांगत नाही. पण पट्टी सोडून द्यायची. स्पर्धेत काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, गायचा म्हणून काळी पाचलाच चिकटून राहणं हा सगळ्यात जास्त नुकसान करणारा हट्ट आहे, आणि तो बहुधा मुलाचा नसतो. पेटी घेऊन बसा, त्याला सहज ‘आ’ लावायला सांगा, ताण न देता जिथे आवाज स्थिर राहतो तो स्वर शोधा, तो त्या महिन्याचा सा. पुढच्या महिन्यात तो पांढरी चारवर येईल, नंतर आणखी खाली. काळी एक किंवा दोनपाशी स्थिरावला की समजा, मोठा आवाज आला. तोवर मंद्र-मध्य, म्हणजे खालच्या आणि मधल्या, सप्तकातले साधे अलंकार, हळू लयीत, छोट्या आवाजात. तार सप्तक, टिपेचे स्वर, दीड मिनिटाच्या ताना, सगळं बाजूला. खर्ज मुद्दाम दाबून लावायलाही सांगू नका. दाबून आणलेला जाडपणा नंतर सुटता सुटत नाही.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, किंवा गाताना दुखलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्या. ओरडणाऱ्या आणि ताणून गाणाऱ्या मुलांच्या स्वरतंतूंवर गाठी येतात, वेळेत कळल्या तर बऱ्याचदा आवाजाच्या उपचारांनीच जातात. मध, आलं, ज्येष्ठमध याने घशाला बरं वाटतं, जरूर द्या, पण गिळलेलं स्वरतंतूंपर्यंत जात नाही, ते अन्ननलिकेतून उतरतं. वाफ पोचते. दिवसभर पुरेसं पाणी आणि रात्री झोप, यांना पर्याय नाही.

ही दोन वर्षं रिकामी नसतात. गळा विश्रांतीवर असताना कान आणि हात कामाला लावा. पेटी किंवा कीबोर्ड नीट शिकू द्या, तबल्याचे मूळ ठेके हाताने वाजवता येऊ द्या. भातखंडे पद्धतीचं स्वरलेखन वाचता यावं, आणि जमलं तर पाश्चात्त्य नोटेशनही, कारण कोरसच्या कामात ते वाचता येणाऱ्याला आधी फोन जातो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा चालू असतील तर चालू ठेवा. विशारद झाल्याने स्टुडिओत कुणी विचारत नाही, पण त्या निमित्ताने राग आणि ताल डोक्यात नीट लागतात. सध्याचे गुरुजी त्याची पट्टी खाली आणायला तयार असतील तर क्लास बदलायचं काहीच कारण नाही. तयार नसतील तर मात्र आजच बदला.

उच्चारांवरही याच काळात काम होतं. मराठी मुलं हिंदी गाताना एक गोष्ट हमखास करतात, ‘जब’मधला ज ‘जगणं’मधल्यासारखा दातांमागून लावतात. आपल्याला ऐकू येत नाही, हिंदी संगीतकाराला पहिल्या ओळीत ऐकू येतं. उर्दूतला ख आणि ग घशातून कसा काढायचा हे एखाद्या जाणत्या माणसाकडून शिकून घ्या, यूट्यूबवरून अंदाजाने नको.

आणि आता स्टुडिओ. स्पर्धेतून आलेलं मूल पहिल्यांदा व्होकल बूथमध्ये, म्हणजे गायकासाठीच्या बंद खोलीत, शिरतं तेव्हा काय होतं ते सांगतो, म्हणजे तयारी कशाची करायची ते कळेल.

मूल आत येतं, सवयीने हात उचलतं आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज टाकतं. समोर मात्र एक वितीवर कंडेन्सर माइक असतो, त्याला श्वाससुद्धा ऐकू येतो. हातातल्या कड्याचा आवाज येतो, कपड्यांची सळसळ येते. ‘प’, ‘फ’, ‘भ’ला हवेचा धक्का बसतो, माइकपुढे हवा अडवणारी जाळी, म्हणजे पॉप फिल्टर, असूनही. ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे वाजतात. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज कोरडा येतो. हॉलमधला घुमारा नाही, टाळ्या नाहीत, समोर एकही चेहरा नाही. मूल गोंधळतं आणि आणखी जोरात गातं. मग मी एक कान उघडा ठेवायला सांगतो, हेडफोन अर्धा मागे सरकवून, आणि आवाज निम्मा करायला लावतो. बहुतेकांना निम्म्या आवाजात भाव आणताच येत नाही, कारण तोवर त्यांनी भाव म्हणजे जोर असंच समजलेलं असतं.

मग संगीतकार चाल सांगतो. तो गायक असेलच असं नाही. फोनवर गुणगुणलेला तुकडा असतो, शब्द अर्धे खरे, अर्धे ‘ललला’. कधी गीतकाराने शेवटचं कडवं तिथेच बदललेलं असतं. दहा मिनिटांत चाल उचलायची, शब्द कागदावर लिहून घ्यायचे, श्वासाच्या जागा ठरवायच्या. गाणं एका दमात होत नाही. मुखड्याची पहिली ओळ, मग दुसरी, मग दुसऱ्या ओळीतला फक्त शेवटचा शब्द, तोही आधीच्या टेकला जुळेल अशा ताकदीने आणि अंतराने. मागे क्लिक चालू असतो, एका ठरावीक गतीने टकटक. तबलजी गायकाला सांभाळून घेतो तसं क्लिक घेत नाही. डबल करायला सांगितलं, म्हणजे तीच ओळ पुन्हा गाऊन मूळच्या ओळीवर चढवायची, तर हरकत तशीच यायला हवी. ज्या मुलाला दर वेळी नवी मुरकी सुचते त्याचं मैफलीत कौतुक होतं, डबलिंगमध्ये तो रडकुंडीला येतो.

‘आता सॉफ्टवेअरने सूर लावतात, मग रियाज कशाला?’ हे नेहमी विचारलं जातं. सूर सरकवता येतो, खरंय. शब्दावर कुठे टेकायचं, कुठे सोडायचं, ते सरकवता येत नाही. शिवाय आपल्या मींड-गमकीवर ते सॉफ्टवेअर जास्त चालवलं की आवाज यंत्राचा वाटायला लागतो. त्यामुळे मूळचा सूर असलेल्या गायकाला आजही आधी बोलावतात, मागचं काम वाचतं म्हणून का होईना.

याची तयारी घरी होऊ शकते, आणि फुकट. फोन, इयरफोन, तानपुऱ्याचं ॲप, आणि क्लिकसारखी टकटक देणारा मेट्रोनोम. त्याने कधीच न ऐकलेलं एखादं साधं गाणं द्या, शक्यतो मूळ गायकाचं रेकॉर्डिंग न ऐकवता, कुणीतरी पेटीवर वाजवून. चार ओळी रेकॉर्ड करायच्या, त्याच ओळी पुन्हा, तशाच. दुसऱ्या दिवशी ऐकायच्या. पहिले काही आठवडे त्याला स्वतःचा आवाज आवडणार नाही, कुणालाच आवडत नाही. तिथून पुढे तो स्वतःला ऐकायला लागतो. आवाज स्थिरावल्यावर हे वर्षभर केलेला मुलगा आणि नुसत्या स्पर्धा गायलेला मुलगा, यांतला फरक मला पहिल्या टेकमध्ये कळतो.

पुढे कामं कशी येतात? चित्रपटाचं गाणं हे सुरुवातीचं काम नसतं. आधी कोरस, जिंगल, मालिकेचं शीर्षकगीत, भक्तिगीतांचे अल्बम, आणि डमी. डमी म्हणजे नावाजलेला गायक येईपर्यंत चाल गाऊन ठेवायची. हे कमीपणाचं समजू नका. संगीतकाराच्या लॅपटॉपमध्ये आवाज महिनोन् महिने वाजत राहतो, आणि कधीकधी तोच कायम होतो. उलटही होतं. एकच गाणं तिघा-चौघांकडून गाऊन घेतात आणि शेवटी एकाचंच ठेवतात, बाकीच्यांना अनेकदा गाणं बाहेर आल्यावरच कळतं. त्यामुळे आवाज ठेवला नाही तरी मानधन मिळणार का, हे गायच्या आधी विचारायचं. यासाठी मुंबईला आत्ता बिऱ्हाड हलवायची गरज नाही. चांगला माइक आणि शांत खोली असेल तर डमी गावाहूनही पाठवता येते. अठरानंतर, काम दिसायला लागलं की जाऊ द्या. चॅनलचं म्हणाल तर काढा, पण जुन्या आवाजातले व्हिडिओ टाकून ‘तोच मुलगा’ ही अपेक्षा वाढवू नका. नव्या आवाजात नवी गाणी तयार होतील तेव्हा टाका.

राहिला करार. तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून तो आहे तसा सही करू नये असं माझं मत आहे. वकिलाला दाखवाच, पण तोवर काही गोष्टी माहीत असू द्या.

अठरा वर्षांखालचं मूल कायद्याच्या भाषेत अज्ञान असतं, त्याने केलेला करार त्याला बांधत नाही. म्हणून कंपनी पालकांची सही घेते, आणि नुकसानभरपाईचं कलम तुमच्या अंगावर टाकते. ते कलम आधी वाचा. पाच वर्षं ‘फक्त आमच्यासाठीच’ असं असेल तर त्या पाच वर्षांत कंपनी किमान किती गाणी करणार, हे लिहिलंय का? बहुधा नसतं. म्हणजे तुम्ही बांधलेले, ते मोकळे. त्यात मुलाचा आवाज बदलतोय. बदललेला आवाज आवडला नाही तर ते गाणी करणार नाहीत आणि दुसरीकडे गाऊही देणार नाहीत.

मुलगा चौदाच्या आत आहे, त्यामुळे बालकामगार कायद्याच्या २०१६च्या दुरुस्तीनंतर आलेले २०१७चे नियम लागू होतात. दृकश्राव्य मनोरंजनात मुलाला घ्यायचं तर निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजेच जिल्हाधिकाऱ्यांची, परवानगी घ्यायची असते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, शाळा बुडवायची नाही. मिळकतीतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकायचे, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात. मुलाने स्वतःच्या कलेवर मिळवलेलं उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवलं जात नाही, ते त्याचं स्वतःचं धरतात. म्हणून त्याचं पॅन कार्ड आणि बँक खातं वेगळं काढून ठेवा.

रॉयल्टीचा मुद्दा वेगळा विचारा. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापरासाठी गायकालाही रॉयल्टीचा हक्क आहे, आणि ती गोळा करायला २०१३ मध्ये ‘इस्रा’ ही गायकांची संस्था उभी राहिली, तीच आता वादकांनाही घेऊन ‘इसम्रा’ झाली आहे. ‘एकरकमी मानधनात सगळे हक्क आले’ अशी ओळ असेल तर वकिलाला तिथेच बोट ठेवायला सांगा.

एक नवीन कलम हल्ली दिसायला लागलंय, आवाजाचा नमुना कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरण्याचं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची अशी नक्कल करणाऱ्यांना मनाई केली, तेव्हा आवाज ही गायकाची स्वतःची गोष्ट आहे हे कोर्टानेही मानलंय. असं कलम असेल तर ते पूर्ण काढून टाका, ‘थोडं बदलून’ ठेवू नका.

कंपनीला उत्तर असं द्या: पाच वर्षांऐवजी सुट्या गाण्यांचा करार करू, प्रत्येक गाण्याचं मानधन आणि श्रेयनाव लेखी, आणि पहिलं गाणं मुलाचा आवाज स्थिरावल्यावर. खरंच मुलगा हवा असेल तर ते थांबतील. नको म्हणाले तर त्यांना तो कार्यक्रमातला लहान मुलगा हवा होता, आणि तो वर्षभराने तसाही कुणालाच मिळणार नाहीये.